घराचे तीन साक्षीदार : बोलोन्या नगरीच्या इतिहासातून

देवळाचा इतिहास लिहिणे कष्टाचे असले तरी दुर्घट नाही. पायाचा दगड कोणत्या साली बसला, घंटा कोणी अर्पण केली, प्रमुख धर्मगुरू कोण कोण होऊन गेले, हे सर्व दप्तरात नोंदलेले असते. बाप्तिस्म्याची, विवाहाची व दफनाची पुस्तके तर अशी की, त्यांवरून एखाद्या घराण्याच्या पाच-सहा पिढ्या सहज मोजता याव्यात. परंतु तेच घराणे घरात कसे राहत होते, मुले कोठे निजत, म्हातारी माणसे दिवसभर कोठे बसत, पावसाळ्यात भात कोठे कांडीत, मुलांनी कोळशाने भिंतीवर काय काढले आणि त्याबद्दल त्यांस मार मिळाला की शाबासकी, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. महोत्सवी अंकांतून देवळाचा इतिहास येतो. ज्या घरांनी काटकसर करून ते देऊळ उभारिले, त्या घरांचा इतिहास मात्र येत नाही. ही उणीव आम्हांस फार दिवस जाणवत आली आहे.

सामान्य घराचा इतिहास लिहावयाचा तर साक्षीस कोणास बोलवावे? आमच्या मते असे साक्षीदार तीन आहेत. पहिला साक्षीदार घराची बांधणी. दुसरा, त्या घरातील मुलांनी काढलेली चित्रे. तिसरा, फिल्मवर घेतलेली छायाचित्रे व चलच्चित्रे. यांपैकी एकट्याची साक्ष नेहमीच अपुरी पडते. भिंत माणसाविषयी बोलत नाही, छायाचित्र चौकटीबाहेरचे सांगत नाही, आणि मुलाच्या चित्राकडे तर कोणी साक्षीदार म्हणून पाहतच नाही. तिघांची जबानी एकत्र घेता आली तरच घराचे खरे रूप कळते. असा योग उत्तर इटलीतील बोलोन्या या नगरीत व तिच्या शेजारच्या प्रदेशात जुळून आला आहे. म्हणून वाचकांस घटकाभर तिकडे नेण्याचे आम्ही योजिले आहे. तेथून परत यावयाचे आहे ते आपल्याच ओटीवर.

खांबांची पडवी

बोलोन्याचे विश्वविद्यालय युरोपात सर्वांत जुने समजले जाते. त्याच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने १०८८ मानितात. विद्यार्थी, कारागीर व खेड्यांतून आलेली कुटुंबे यांची नगरात गर्दी होऊ लागली, परंतु तटाच्या आतील जागा काही वाढेना. तेव्हा घरमालकांनी वरच्या मजल्याच्या तुळया रस्त्यावर पुढे काढून त्यांवर खोल्या बांधिल्या. तुळया अधिक लांब झाल्या तसा त्यांस खालून लाकडी खांबांचा टेकू द्यावा लागला. आणि अशा रीतीने घराच्या खाली, रस्त्याच्या कडेने, आच्छादित पडवी आपोआप तयार झाली. इतर अनेक नगरांनी असे बांधकाम अतिक्रमण ठरवून पाडून टाकिले. बोलोन्याने उलट मार्ग धरिला. १२८८ सालच्या नगर-नियमांनी असे ठरविले की, प्रत्येक घरास पडवी असलीच पाहिजे. ती बांधण्याचा व दुरुस्त ठेवण्याचा खर्च मालकाने सोसावा. परंतु तिच्यातून जाण्यायेण्याचा अधिकार मात्र सर्वांस असावा. तिची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर, असावी असेही ठरले. घोड्यावर बसलेला मनुष्य खालून जाऊ शकावा इतकी ती उंची होय. १५६८ साली लाकडी खांब काढून विटांचे अथवा दगडाचे खांब घालण्याचा हुकूम निघाला. तथापि तेराव्या शतकातील काही उंच लाकडी खांब काझा इझोलानी या घरापुढे अद्याप उभे आहेत. जुन्या नगरातील अशा पडव्यांची लांबी सुमारे ३८ किलोमीटर व बाहेरील धरून एकंदर ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

आता या नियमाचा कुटुंबाच्या नित्याच्या जीवनावर काय परिणाम झाला, तो पाहण्यासारखा आहे. जमीन मालकाची आणि वाट सर्वांची, अशा या जागेत घर कोठे संपते व रस्ता कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होऊन बसले. कारागीर आपले काम दाराबाहेर पडवीत आणून करू लागला, म्हणजे बापाचा धंदा मुलांच्या डोळ्यांसमोर चालू लागला. पाऊस असो की ऊन, मुलांस खेळावयास आणि वृद्धांस बसावयास जागा मिळाली. श्रीमंताच्या वाड्याची पडवी आणि गरिबाच्या घराची पडवी एकमेकींस लागून असल्याने, एकाच्या दारावरून दुसऱ्यास जावेच लागे. आमच्या वसई-साष्टीकडील वाचकांस हे वर्णन परके वाटणार नाही. आपल्या जुन्या कौलारू घरांची ओटी व पडवी हेच कार्य करीत आली. फरक इतकाच की, आपल्याकडे जे रीतीने चालत आले, ते तेथे कायद्याने बांधून दिले गेले.

या पडव्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध पडवी नगराबाहेरच्या टेकडीवरील संत लूकच्या मारियामातेच्या मंदिराकडे जाते. १४३३ साली अखंड पावसाने पिके कुजू लागली, तेव्हा मारियामातेचे चित्र मिरवीत टेकडीवरून नगरात आणिले आणि पाऊस थांबला, अशी तेथील आख्यायिका आहे. तेव्हापासून ते चित्र प्रतिवर्षी खाली आणण्याची प्रथा पडली. या मिरवणुकीस व यात्रेकरूंस पावसापासून आसरा मिळावा म्हणून १६७४ साली पडवीचे काम आरंभिले. १६७७ साली नगरवासीयांनी नगरापासून टेकडीपर्यंत रांग धरून बांधकामाचे साहित्य हातोहात वर पोचविले, ही गोष्ट तेथे अद्यापि अभिमानाने सांगतात. सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या या पडवीस ६६६ कमानी आहेत. कित्येक कमानींवर ती कोणत्या कुटुंबाने वा कोणत्या कारागीर-संघाने बांधून दिली, हे कोरिलेले आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी आपल्या देवळासाठी डोक्यावरून दगड व रेती वाहिली, त्यांस त्या रांगेचे मोल निराळे सांगावयास नको.

रिच्चीने पाहिलेली भिंत

१८८२-८३ च्या हिवाळ्यात कोर्रादो रिच्ची नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण चेर्तोझा येथील दफनभूमीकडून नगराकडे परतत होता. वाटेत पावसाने गाठले, म्हणून तो मेलोंचेल्लोच्या कमानीकडे जाणाऱ्या पडवीत शिरला. ही पडवी त्या कमानीपाशीच संत लूकच्या पडवीस मिळते. पाऊस थांबेना, आणि करावयास दुसरे काही नसल्यामुळे रिच्ची समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. भिंत रेघोट्यांनी, चित्रांनी व वेड्यावाकड्या अक्षरांनी भरलेली होती. त्याच्या असे ध्यानात आले की, वरच्या भागात मोठ्या मुलांची चित्रे व पद्ये असून त्यांत हात सफाईचा असला तरी मजकूर पुष्कळसा अचकटविचकट आहे. खालच्या भागात, जेथवर लहानांचाच हात पोचतो तेथे, चित्रे ओबडधोबड आहेत, परंतु निर्मळ आहेत. भिंतीवरील उंचीवरून वय कळावे, ही कल्पना तोपर्यंत कोणास सुचली नव्हती.

मुले त्यापूर्वी चित्रे काढीत नव्हती असे नाही. वेरोना येथील संग्रहालयात सोळाव्या शतकातील चित्रकार जोव्हान्नी फ्रांचेस्को कारोतो याने रंगविलेला एक मुलगा आहे. त्याच्या हातातील कागदावर स्वतः काढलेला एक काटकुळा मनुष्य असून तो दाखविताना मुलगा हसत आहे. परंतु असा कागद जपून ठेवावा असे फारसे कोणास वाटले नाही. दरसाल सणापूर्वी घरास चुना लागतो, त्याबरोबर मुलांच्या चित्रांचे एक वर्ष नाहीसे होते. ही रीत जशी आपली तशीच जगाची. रिच्चीने या रीतीस प्रथम अडविले. त्याने शाळांतून हजाराहून अधिक बालचित्रे जमविली आणि १८८७ साली बोलोन्या येथेच ‘मुलांची कला’ या अर्थाच्या नावाचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. बालचित्रांवर लिहिलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे रिच्ची इटलीतील कलासंग्रहांचा व प्राचीन वास्तूंचा मोठा अधिकारी झाला व १९३४ साली मरण पावला. परंतु त्या पावसात पाहिलेल्या भिंतीने जे दिले, ते त्याच्या कीर्तीचे एक मोठे कारण ठरले.

रिच्चीचे मुख्य निरीक्षण असे : मूल जे दिसते ते काढीत नाही, जे आहे असे त्यास ठाऊक आहे ते काढिते. घोडेस्वार काढिला तर त्याचे दोन्ही पाय दाखविते, कारण पाय दोन असतात हे त्यास ठाऊक आहे. मध्ये घोड्याचे शरीर आड येते, ही गोष्ट ते मनावर घेत नाही. होडी काढिली तर होडीत बसलेली माणसे पायांपर्यंत दिसतात. पुढे १९२७ साली जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने बालचित्रांतील या पारदर्शकतेचे अधिक बारकाईने विवेचन केले. या चित्रांपैकी अत्यंत बोलके चित्र म्हणजे घराचे. छप्पर, दार, खिडक्या बाहेरून दिसतात, आणि त्याच वेळी भिंत जणू काचेची असावी त्याप्रमाणे आतील चूल, बाज, टेबल, आई, आजी व मांजरही दिसते.

मोठी माणसे अशा चित्रास चुकीचे म्हणतात. आम्हांस ते चुकीचे वाटत नाही. शिल्पी घर बाहेरून काढितो, छायाचित्रकार एक तर बाहेरून टिपतो नाही तर आतून. एकटे मूल दोन्ही एकदम काढिते. भिंती आणि भिंतींच्या आतील माणसे मिळून घर होते, ही व्याख्या त्यास कोणी शिकविलेली नसते. या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच आहे. पुढील सर्व हकीकत म्हणजे मोठ्यांच्या जगाने ही व्याख्या कशी हळूहळू व पुष्कळ मोल देऊन शिकून घेतली, तिची कथा होय.

चेल्ला गावची शाळा

बोलोन्याच्या पश्चिमेस साठ-सत्तर किलोमीटरांवर रेज्जो एमिलिया हे नगर आहे. दुसरे महायुद्ध १९४५ च्या एप्रिलअखेर त्या प्रदेशात संपले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नगराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातील लोकांनी लहान मुलांसाठी शाळा बांधण्यास प्रारंभ केला. पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही मालमोटारी व घोडे विकून पैसा उभारिला. एका शेतकऱ्याने जमीन दिली. विटा बाँबने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांतून वेचिल्या. रेती नदीतून आणिली. बायका-पुरुषांनी स्वतः काम केले. ही वार्ता ऐकून लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलवर बसून तेथे गेला आणि त्या दृश्याने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पडलेल्या घरांच्या विटांतून मुलांचे घर उभे राहावे, यापेक्षा युद्धास दिलेले अधिक चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

१९६३ साली रेज्जोच्या नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा उघडिली आणि मालागुत्सी याच्या मार्गदर्शनाखाली अशा शाळांची मालिका सुरू झाली. या शाळांत तीन गोष्टी विशेष होत्या. एक म्हणजे इमारतीची रचना. मध्यभागी गावच्या चौकासारखी मोकळी जागा, तिच्याभोवती वर्ग, मोठमोठ्या खिडक्या, आणि स्वयंपाकघर लपवून न ठेविता मुलांस दिसेल असे. मुलास शिकविणारी जागा हीदेखील एक शिक्षिकाच, असे तेथे मानीत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक शाळेत चित्रे व मातीकाम यांसाठी स्वतंत्र कार्यशाळा आणि तिच्यासाठी कलेचे शिक्षण घेतलेली व्यक्ती. तिसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा. मूल चित्र काढीत असताना ते काय बोलले, कोठे थांबले, काय पुसले, हे शिक्षिका लिहून घेत व फिल्मवर टिपीत. आणि नंतर ती छायाचित्रे भिंतीवर लावून आईबापांस दाखवीत. रिच्चीच्या हाती पुरे झालेले चित्र आले होते. येथे चित्र होत असतानाचा क्षण हाती आला. सायंकाळी मुलास न्यावयास येणाऱ्या श्रमजीवी आईस आपल्या गैरहजेरीतील मुलाचा दिवस दिसू लागला, हा लाभ लहान नव्हे. १९८१ साली या शाळांच्या कामाचे जे प्रदर्शन भरले, त्याच्या नावात भिंतीवरून उडी घेणाऱ्या डोळ्याची कल्पना होती. मालागुत्सी १९९४ साली वारला. त्याच्या शाळांची पद्धती आज अनेक देशांत अभ्यासिली जाते.

याच सुमारास धर्मपीठाकडूनही घराचा विचार होत होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. १९५२ ते १९६८ पर्यंत बोलोन्याचे आर्चबिशप असलेले कार्डिनल जाकोमो लेर्कारो यांनी गरीब मुलांस स्वतःच्या निवासात ठेवून घेऊन त्यांचे एक कुटुंबच बनविले होते. नगराच्या कडेने नव्या चाळी व मजले उठत होते, परंतु तेथे लोकांनी एकत्र जमावे अशी जागा नव्हती. म्हणून १९५५ साली त्यांनी नव्या वस्त्यांतून देवळे बांधण्याची मोहीम हाती घेतली. मुलांसाठी १९५३ साली त्यांनी नगरात बालांचा कार्निव्हल सुरू केला. केवळ छप्पर मिळाल्याने कुटुंबास घर मिळत नाही, हे ते ओळखून होते.

दगड जपावा की माणसे?

युद्धानंतर युरोपातील जुन्या नगरांवर दुसरेच संकट आले. बाँबने जे वाचले ते नव्या रस्त्यांसाठी व नव्या इमारतींसाठी पाडावयाचे, अथवा दर्शनी भाग रंगवून श्रीमंतांस विकावयाचे, असे दोनच मार्ग बहुतेकांस दिसत होते. दोहोंत जुनी कुटुंबे जात. घराची भिंत राही, पण तिच्या आतील माणूस दूरच्या वस्तीत फेकिला जाई.

बोलोन्याने १९६० नंतरच्या दशकात लिओनार्दो बेनेव्होलो या वास्तुशास्त्रज्ञाकडून जुन्या नगराचा अभ्यास करविला. त्यातून असे दिसून आले की, मोठी देवळे व वाडे यांइतकीच साध्या कारागिरांची घरेही एका निश्चित पद्धतीने बांधिलेली आहेत : पुढे चिंचोळा दर्शनी भाग व पडवी, आत लांबवर गेलेल्या खोल्या, मागे अंगण. म्हणजे जपण्याजोगे काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ देऊळ व राजवाडा असे राहिले नाही. चांभाराचे घरही त्यात आले. १९६९ साली जुन्या नगराच्या रक्षणाची योजना मंजूर झाली, आणि त्याच साली पाओलो मोंती या छायाचित्रकाराने नगराचे पद्धतशीर चित्रण केले. रस्त्यांतील मोटारी हटवून, एकामागून एक रस्ता मोकळा करून, त्याने पडव्या, दारे, जिने व अंगणे फिल्मवर घेतली. मोटारींनी झाकलेले आपले नगर कसे आहे, हे ती छायाचित्रे पाहून लोकांस जणू प्रथमच कळले. आपल्या दाराची पडवी रोज पाहणाऱ्यास तिचे सौंदर्य दाखवावयास छायाचित्र लागावे, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे.

परंतु खरी कसोटी पुढे होती. १९७३ साली पिएर लुइजी चेर्वेल्लाती या वास्तुविशारदाच्या पुढाकाराने नगरपालिकेने असे ठरविले की, सरकारी स्वस्त घरांसाठी असलेला पैसा बाहेरील नव्या चाळींवर न खर्चिता जुन्या नगरातील मोडकळीस आलेली घरे दुरुस्त करण्यास लावावा, आणि त्यांत पूर्वीच्याच कुटुंबांस ठेवावे. एका घराची दुरुस्ती चालू असता त्यातील कुटुंबास जवळपासच तात्पुरती जागा द्यावयाची व काम पुरे होताच परत आणावयाचे, अशी योजना होती. मोठे रिकामे मठ व वाडे यांत शाळा व लोकोपयोगी संस्था घालावयाच्या होत्या. प्रारंभी घरे सक्तीने ताब्यात घेण्याचा विचार होता. त्यास लहान घरमालकांनी विरोध केला. त्यांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, कारण पुष्कळांची सारी मिळकत ते एक घर होते. अखेर मालकाशी करार करावा, त्यास दुरुस्तीसाठी मदत द्यावी आणि त्याने भाडेकरूस माफक भाड्याने राहू द्यावे, असा मध्यम मार्ग निघाला. १९७४ साली युरोपीय परिषदेने या विषयावर बोलोन्यातच विचारविनिमय केला, व १९७५ च्या अ‍ॅम्स्टरडॅम येथील जाहीरनाम्यात, जुनी घरे जपताना तेथील रहिवासीही जपावे, हे तत्त्व मान्य झाले.

ही योजना पूर्णपणे सफल झाली असे म्हणता येणार नाही. ठरविले होते त्याहून कमी घरे दुरुस्त झाली, आणि पुढे जुन्या नगरातील भाडी वाढून अनेक साधी कुटुंबे बाहेर गेलीच. तथापि एका मोठ्या नगराने कागदोपत्री असे लिहून ठेविले की, भिंत व माणूस यांची ताटातूट म्हणजे घराचा नाश होय. मुलाच्या चित्रातील पारदर्शक भिंत नगररचनेच्या नियमांत उतरली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कपाटातील फिल्म

मोंतीच्या छायाचित्रांत नगराचे बाह्यांग उत्तम आले. परंतु घरातील माणसे कोठे होती? ती दुसऱ्याच फिल्मवर होती आणि ती फिल्म कपाटांत पडली होती. घरगुती चलच्चित्रांसाठी १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची, १९२३ साली सोळा मिलिमीटरची, १९३२ साली आठ मिलिमीटरची व १९६५ साली ‘सुपर आठ’ नावाची फिल्म निघाली. सुपर आठचे एक डबडे पन्नास फुटांचे असे. त्यात अवघी साडेतीन मिनिटांच्या आतली हालचाल मावे, आणि पुष्कळदा आवाजही नसे. शिवाय या फिल्मा बहुधा अशा असत की, जी कॅमेऱ्यात घालावयाची तीच धुऊन पडद्यावर दाखवावयाची. तिची निगेटिव्ह निराळी नसे. ती एक प्रत गेली की सर्व गेले.

२००२ साली बोलोन्यात काही अभ्यासकांनी अशा घरगुती फिल्मा जमविण्यासाठी एक संस्था काढिली. तीच पुढे इटलीचा राष्ट्रीय कौटुंबिक-चित्रपट संग्रह म्हणून ओळखली जाऊ लागली. वडील वारल्यावर माळ्यावर सापडलेली डबडी लोक तेथे आणून देतात. तेथे ती साफ करून, दुरुस्त करून, संगणकात उतरविली जातात, आणि मूळ फिल्म थंड व कोरड्या जागी ठेविली जाते.

फिल्म महाग असल्यामुळे माणूस निवडून टिपीत असे : लग्न, बाप्तिस्मा, पहिली कम्युनियन, समुद्रकाठची सहल. भांडण, आजारपण, कर्ज, भांडी घासणे यांवर कोणी फिल्म खर्चीत नसे. कॅमेरा बहुधा बापाच्या हाती, म्हणून बाप चित्रात नाही. आई चित्रात आहे, पण नवी वस्त्रे नेसून, चुलीपासून दूर. म्हणून छायाचित्राची साक्ष खोटी नसली तरी ती सणाच्या दिवसाची साक्ष असते. रोजच्या दिवसाची साक्ष हवी असेल तर घराची बांधणी पाहावी : उंबरठा कोठे झिजला आहे, धुराने कोणती भिंत काळी आहे, खिडकी कोणाच्या उंचीस लाविली आहे. आणि कोणाचे मन कोठे होते हे कळावयास हवे असेल तर मुलाचे चित्र पाहावे. मूल आईस पुष्कळदा घराहून मोठी काढिते. आणि जो बाप छायाचित्रात कधी दिसत नाही, त्यालाही दाराशी उभा करिते.

आपल्या ओटीवर

हा सर्व प्रपंच आम्ही कशासाठी केला, हे वाचकांनी ओळखिलेच असेल. वसई, उत्तन, साष्टी व ठाणे या पट्ट्यात जुनी कौलारू घरे झपाट्याने जात आहेत. त्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती येत आहेत, आणि येणे भागही आहे. कुटुंबे वाढली, जमिनीचे हिस्से झाले, कौले शाकारावयास माणूस मिळत नाही. जो राहतो त्यासच घराची अडचण ठाऊक. म्हणून जुने घर पाडणाऱ्यास दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु नवीन घरात ओटी नाही, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. ओटी गेली की शेजाऱ्याचे सहज येणे जाते, म्हाताऱ्या माणसाची बसावयाची जागा जाते, आणि सायंकाळी जपमाळेस वाटेवरचा माणूस येऊन बसत असे, तेही जाते. दार लागले की कुटुंब आत, जग बाहेर.

फिल्मांची दशा याहून वाईट आहे. आपल्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी चढते. जुनी फिल्म बिघडू लागली की तिला शिरक्यासारखा वास येतो, आणि तो वास आला की फार दिवस उरले नाहीत असे समजावे. छायाचित्रांच्या मागे नावे लिहिलेली नसतात. ज्या आजीस ती नावे ठाऊक, ती एके दिवशी जाते, आणि मग लग्नाच्या चित्रातील चाळीस माणसांपैकी नवरानवरीच काय ती ओळखू येतात.

म्हणून काही गोष्टी सुचविण्याची आम्ही रजा घेतो. जुने घर पाडण्यापूर्वी त्याची मापे घेऊन एक साधा नकाशा काढावा आणि कोणत्या खोलीत कोण निजत असे, चूल कोठे, क्रूस कोठे, भाताची कणगी कोठे, हे त्यावर लिहावे. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे व साल घालावे. शाईने लिहू नये, कारण ती पुढे उमटते. फिल्मांची डबडी माळ्यावर तापत ठेवू नयेत, कोरड्या जागी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर त्यांच्या प्रती करून घ्याव्या. आणि घरातील मुलाने काढिलेले घराचे एक तरी चित्र, नाव व तारीख घालून, बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ठेवावे. तीनही वस्तू एका पेटीत राहिल्या तर पन्नास वर्षांनी कोणास तरी या गावाच्या घरांचा इतिहास लिहिता येईल. आज तो आम्हांस लिहिता येत नाही, कारण ती पेटी आम्हांस कोणी ठेविली नाही.

रिच्चीने पाहिलेली ती भिंत पुढे कितीदा रंगविली गेली असेल आणि ती चित्रे काढणारी मुले कोण होती, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. परंतु एका पावसाळी दिवशी एक मनुष्य थांबला व त्याने पाहिले, इतक्यानेच ती मुले इतिहासात राहिली. आपल्या घरी पाऊस पुष्कळ आहे, मुलेही आहेत. चुन्याचा कुंचला भिंतीस लावण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवितो.